आर्थरचे बटाटे आणि शिवरात्रीचा कीस

विलायतेत, विमानतळाला लागून असलेल्या हाउन्सलोतल्या त्या रस्त्यावर फेब्रुवारी महिन्यात बागेत जाणारी माणसं दोनच. एक आर्थर पुलन, कारण त्याला घरात करमायचं नाही. आणि दुसऱ्या त्याच्या शेजारच्या मधुमतीबाई देवस्थळी, कारण त्यांना बागेला एकटं सोडवायचं नाही. बाकीचा रस्ता हीटिंग लावून, पडदे ओढून, टीव्हीवर हवामान सांगणारी बाई काय म्हणते ते ऐकत बसलेला. नव्वद सालच्या त्या फेब्रुवारीत ती रोज एकच सांगायची: वारा, पाऊस आणि पुन्हा वारा.

मधुमतीबाईंचा बागेचा पोशाख ठरलेला होता. पायात गमबूट, पातळ गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, त्याच्या आत नवऱ्याचा जुना पायजमा, वर नवऱ्याचाच पोस्टातला रेनकोट, आणि डोक्याला मफलर असा गुंडाळलेला की चेहऱ्यापैकी फक्त नाक शिल्लक राहायचं. ते लाल झालं की काम थांबवायचं, हा त्यांचा थर्मामीटर.

झाडांशी त्या मराठीत बोलायच्या. गुलाब छाटताना, "थोडं दुखेल हं, पण जूनमध्ये माझं नाव काढशील," अशी समजूत घालायच्या. रास्पबेरीच्या काठ्या तारेला बांधताना मात्र सूर बदलायचा. "सरळ उभी राहा! पोक काढून काय उभी राहतेस, लग्नाची झालीस!" रुबार्ब या आंबट देठांच्या भाजीचे कोंब अंधारात लवकर वर येतात म्हणून त्यावर त्या बादली पालथी घालायच्या. वारा ती बादली रोज उडवायचा आणि आर्थर रोज कुंपणावरून परत द्यायचा. शेवटी मधुमतीबाईंनी लग्नात मिळालेला पाटा बादलीवर ठेवला. सांगलीहून विमानात एवढं वजन आणल्याबद्दल जगदीशरावांनी अठरा वर्षं ऐकवलं होतं. मिक्सर आल्यापासून पाटा बिचारा शेडमध्ये पडून होता. "बघा," मधुमतीबाई म्हणाल्या, "आला की नाही उपयोगाला?"

जगदीशराव पोस्टाच्या सॉर्टिंग ऑफिसात. बागेतला त्यांचा सहभाग खिडकीतून, हातात चहाचा कप धरून. "अहो, जरा कुंपण धरा," असं बायको म्हणाली की ते काचेवर बोटाने टकटक करून आकाशाकडे दाखवायचे. याचा अर्थ, पाऊस येतोय, तूच आत ये.

आर्थर मात्र बागेतला माणूस. सत्तरी उलटलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आयुष्यभर लाल बस चालवलेली. मधुमतीबाईंना माती काळी कशी करायची, लीकची रोपं कधी लावायची, गोगलगायींना सापळ्यात बिअर कशी पाजायची हे सगळं त्यानेच शिकवलं. त्या बदल्यात मेथी, कोथिंबीर आणि लाल भोपळ्याचे घारगे कुंपणावरून पलीकडे जायचे. देवस्थळी हे आडनाव त्याच्या जिभेवर काही बसेना, म्हणून त्याने त्यातलं पहिलं अक्षर ठेवलं आणि बाकीचं सोडून दिलं. मिसेस डी.

जानेवारीच्या वादळात आर्थरच्या शेडचं छप्पर उडालं. ते उचलायला गेला आणि स्वतः पडला. फार लागलं नाही, पण केंब्रिजहून मुलगी आली आणि म्हणाली, "डॅड, पुरे आता." ईस्टरला तो तिच्याजवळच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होता. तिसरा मजला. लहानशी बाल्कनी.

एक दिवस तो कापडी पिशवी घेऊन दारात आला. आत बटाटे होते. लहान, गुलाबीसर, वेडेवाकडे. एकाला तर चक्क नाक होतं.

"माझ्या डॅडचे," तो म्हणाला. "दर वर्षी काढतो, थोडे ठेवतो, पुढच्या वर्षी लावतो. दुकानात मिळत नाहीत, नाव काय ते मलाही माहीत नाही. तिथे माती नाही, मिसेस डी. तुमच्याकडे राहिले तर राहतील."

वरून एक विमान गेलं. हाउन्सलोत विमान जाईपर्यंत बोलणं थांबवायची पद्धत आहे, आणि त्या दिवशी ते दोघांनाही बरंच वाटलं.

"राहतील," विमान गेल्यावर मधुमतीबाई म्हणाल्या. "जुलैत काढायला तुम्ही यायचं."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

बटाटे जमिनीत घालायच्या आधी त्यांना कोंब आणावे लागतात. आर्थरने शिकवलं होतं तसे त्यांनी ते अंड्यांच्या रिकाम्या खोक्यांत, प्रत्येक खळग्यात एक, डोळे वर करून, वरच्या छोट्या खोलीच्या खिडकीत उजेडाला मांडले. रोज कामावर जाण्याआधी त्या बघायला जायच्या. जांभळे, जाडसर, तांदळाएवढे कोंब दिसू लागले तेव्हा त्या जगदीशरावांना मुद्दाम वर घेऊन गेल्या. "हे आर्थरचे. याला हात लावायचा नाही." जगदीशराव "हं" म्हणाले. पण त्यांच्या "हं"चे अनेक प्रकार होते आणि हा नेमका वर्तमानपत्र वाचतानाचा होता.

महाशिवरात्र उजाडली ती वारा अंगात आल्यासारखी. विमानात देतात त्या जेवणाचे ट्रे भरणाऱ्या किचनमध्ये मधुमतीबाई कामाला होत्या. पोटात नुसता चहा आणि हाताखालून चिकनची रांग, अशी त्यांची शिवरात्र गेली. उपवास कसला, परीक्षाच ती. सुटल्यावर बस नाही. रस्त्यावर झाड पडलेलं. निम्मी वाट त्या चालत आल्या. चालत म्हणजे वाऱ्याने ढकललं तिकडे गेल्या, आणि घर योगायोगाने त्याच बाजूला होतं.

दार उघडलं तर घरात तुपाजिऱ्याचा वास. नंदावन्सं आल्या होत्या. जगदीशरावांची ही थोरली बहीण हॅरोला राहायची. सकाळी भावाकडे शंकराला बेल वाहायला म्हणून आल्या आणि गाड्या बंद झाल्याने इथेच अडकल्या.

"आलीस बाई! किती भिजलीस! बस, आधी खाऊन घे," वन्संनी पुढ्यात ताटली ठेवली.

बटाट्याचा कीस. मिरची, दाण्याचा कूट, वरून लिंबू. मधुमतीबाईंनी ओला मफलर न काढताच पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "वन्सं, काय चव आहे हो! जरा मातीचा वास, थोडा कडसरपणा, पण छानच. आणखी आहे?"

"आहे की. घे."

दुसरी वाढणी संपत आली तेव्हा त्यांच्यातली गृहिणी जागी झाली. "पण घरात तर बटाटे नव्हते. अहो, या वाऱ्यात तुम्ही दुकानात गेलात?"

"छे, वेडी का काय! छत्रीच काय, मीच उलटा झालो असतो," जगदीशराव म्हणाले. "वरच्या खिडकीत होते ना, ते घेतले."

मधुमतीबाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"म्हणजे... ते?"

"अगं, अंड्याच्या खोक्यात होते!" नंदावन्सं तक्रारीच्या सुरात म्हणाल्या. "शिवरात्रीच्या दिवशी! मी म्हटलं जगूला, अंड्याला शिवलेले बटाटे मी उपवासाला घेणार नाही. मग तोच म्हणाला, साल काढली की झालं. मी म्हटलं, काढायची तर चांगली जाड काढ. बोटभर जाड! आतलं तेवढं शुद्ध. एवढे ढीगभर बटाटे आणि एकेकातून हाताशी काय उरलं तर सुपारीएवढं!"

मधुमतीबाईंना एकाच वेळी रडू, राग आणि ढेकर आला. सगळ्यात वाईट म्हणजे ढेकर तृप्तीचा होता. आर्थरचे वडील, आर्थर, इतकी वर्षं, आणि शेवटी लिंबू पिळून आपण दोनदा वाढून घेतलं.

मग एकदम त्या उठल्या. "जाड म्हणजे किती जाड?"

"सांगितलं ना, बोटभर."

"कोंब कुठे गेले? ते जांभळे?"

"सालीबरोबरच गेले," जगदीशराव घाबरून म्हणाले. गेली वीस वर्षं त्यांनी बटाट्याची साल काढली की "निम्मा बटाटा टाकलात!" हे ऐकून घेतलं होतं. आज पहिल्यांदाच आवाजात वेगळं काहीतरी होतं.

"सालं कुठे आहेत?"

"ताई म्हणाली, अंड्याची सालं... म्हणजे अंड्याला लागलेली सालं घरात नकोत. बागेच्या टोकाला तुझ्या त्या खताच्या ढिगावर टाक. म्हणून मी दार उघडलं..."

"आणि?"

"आणि वारा इतका होता, की दारातूनच टाकली. ढिगाच्या दिशेने."

मधुमतीबाईंनी मागचं दार उघडलं. वाऱ्याने सालं बागभर वाटली होती. छाटलेल्या गुलाबांवर, रास्पबेरीच्या तारेवर, पाट्याखालच्या बादलीच्या कडेला, आणि आडव्या पडलेल्या कुंपणापलीकडे आर्थरच्या हिरवळीवरसुद्धा.

"चला," त्या म्हणाल्या. "दोघंही."

"मी?" वन्संनी छातीवर हात ठेवला. "या वाऱ्यात? अगं, माझा उपवास..."

"वन्सं, तो माणूस पोरका होईल. त्याच्या वडिलांची एवढीच खूण उरली आहे."

हे मात्र नंदावन्संना लगेच समजलं. त्यांनी काठपदराची साडी खोचली, भावाचा टोपीवाला ॲनोरॅक चढवला, आणि देवाचं नाव घेऊन गुडघ्यावर बसल्या. पावसाची तिरकी सर, डोक्यावर विमानं, आणि चिखलात तीन मध्यमवयीन माणसं रांगताहेत. "हे बघ, याला कोंब आहे!" "ती गोगलगाय आहे, ताई." "जगू, गुलाबाखाली बघ!" "काटा लागला!" "लागू दे, तुझंच पाप!" मफलरातलं नाक केव्हाचं लाल झालं होतं, पण आज त्या थर्मामीटरकडे कोणी बघत नव्हतं. वन्संना एक मोठं, नाकासकट साल सापडलं तेव्हा त्या एवढ्या जोरात ओरडल्या, की शेजारचं दार उघडलं.

आर्थर टोपी धरून उभा. "काही हरवलं का, मिसेस डी? कानातलं?"

होय म्हणायचं, एवढंच काम होतं. शब्द मधुमतीबाईंच्या ओठांवर आलासुद्धा. पण आर्थर लगेच वाकून स्वतःच्या हिरवळीवर शोधायला लागला, त्या दुखऱ्या कमरेनिशी, आणि त्यांना ते बघवेना. त्यांनी मूठ उघडून पुढे केली. तळहातावर चिखलाचं साल आणि त्यावर जांभळा कोंब.

"आर्थर, वी एट देम," त्या म्हणाल्या. "खाल्ले आम्ही. आमचा उपवास होता."

उपवास होता म्हणून खाल्ले, हे वाक्य इंग्रजीत कसंही सांगितलं तरी वेडगळच वाटतं. आर्थर साल हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. मधुमतीबाईंना वाटलं, आता तो दार लावून घेणार. मग त्याचे खांदे हलायला लागले.

"मिसेस डी," तो हसता हसता म्हणाला, "युद्धात माझी आई हेच करायची! बटाटा आम्हाला खायला घालायची आणि सालं जमिनीत. आम्ही भुकेले आणि डॅडचे बटाटे वाचले पाहिजेत, मग दुसरं काय करणार? फक्त तिची सालं एवढी जाड नसायची." त्याने साल उजेडात धरलं. "काय सुंदर काम केलंय! हे कोणी काढलं?"

जगदीशरावांनी चिखलाचा हात वर केला. बागेच्या बाबतीत त्यांचं कौतुक आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

"आणि चव कशी होती?" आर्थरने विचारलं.

"फार छान," मधुमतीबाई म्हणाल्या, आणि मघाचं रडू आता कुठे बाहेर आलं.

उरलेला कीस आर्थरने स्वयंपाकघरात बसून खाल्ला. मिरचीने त्याच्या डोळ्यांतून पाणी, कानांतून धूर. तरी ताटली पुसून घेतली. खाता खाता सूचना चालू होत्या: सालं रात्रभर वर्तमानपत्रावर सुकवा, मग मातीच्या कुंड्यांत, कोंब वर, आणि खिडकीतच ठेवा, बाहेरची थंडी ओसरल्यावर जमिनीत. "आज अंड्याच्या खोक्यात नको हं," नंदावन्संनी मराठीत बजावलं. आर्थरने मान डोलावली. त्याला वाटलं, आणखी वाढू का विचारताहेत.

सगळीच सालं काही रुजली नाहीत. काही सडली, काही नुसतीच बसून राहिली. पण एप्रिलमध्ये रुबार्बशेजारच्या वाफ्यात एक छोटीशी ओळ हिरवी उभी राहिली, आणि मधुमतीबाई तिच्याशी इतक्या नरमाईने बोलायच्या, की रास्पबेरीला हेवा वाटावा.

जुलैत आर्थर केंब्रिजहून आला. माती खणायचा फोर्क त्याच्याच हातात दिला. पहिलं रोप उपटलं, मातीत हात घातला, आणि एक गुलाबी, वेडावाकडा बटाटा बाहीला पुसला. तो त्याने उलटसुलट फिरवून बघितला. थांबायला विमानाचं निमित्तही नव्हतं.

"तेच," तो म्हणाला. "तसेच कुरूप."

चांगले निवडून मधुमतीबाईंनी बियाण्यासाठी बाजूला काढले. त्यातले काही आर्थरला द्यायचे ठरले. बाल्कनीत बादलीत लावून बघीन म्हणाला. ते न्यायचे कशात, असा प्रश्न आला तेव्हा बटाटे बघायला म्हणून आलेल्या नंदावन्संनी आपली पिशवी उघडली. हॅरोच्या शेजारणीकडून खास मागून आणलेलं अंड्यांचं खोकं त्यांनी दोन्ही हातांनी बाहेर काढलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "काळजी नको. चांगलं तीन पाण्यांनी धुऊन आणलंय."

पुठ्ठ्याचं खोकं तीन पाण्यांनी धुतल्यावर जसं होतं तसं ते झालं होतं. एकही खळगा सरळ राहिला नव्हता. आर्थरने गंभीरपणे एकेक बटाटा त्यात ठेवून बघितला. वेड्यावाकड्या खळग्यांत ते वेडेवाकडे बटाटे नेमके बसले.