चोपड्याचं प्रवचन शिंदखेड्यात राहिलं

खानदेश बघायचा तर हिवाळ्यात बघा, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. भरताची वांगी तेव्हाच खरी, आणि ऊनही सोसण्यासारखं असतं. सत्तरच्या दशकात, लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, मी धुळ्याहून चोपड्याला निघाले ते सासऱ्यांबरोबर, म्हणजे नानांबरोबर. तिथल्या ख्रिस्ती मंडळीने हंगामाच्या उपकारस्तुतीसाठी नानांना प्रवचनाला बोलावलं होतं. नवऱ्याला रजा नव्हती, म्हणून सोबतीला मी.

धुळ्याच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत नाना मला प्रवचन ऐकवत होते. हात उगारला नाही म्हणजे माणूस नीतिमान झाला असं नाही, मनातला रागही देव बघतो. अर्पण घेऊन निघालात आणि भाऊ दुखावलाय हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी भावाकडे जा.

मी नवी सून, पण तोंडाला कुलूप नव्हतं. म्हटलं, "नाना, मग आपल्या आबांचं काय?"

आबा म्हणजे नानांचे धाकटे भाऊ, शिंदखेड्याला शेती करायचे. ते दारू प्यायचे तेव्हा नानांनी भर चर्चमध्ये उभं राहून त्यांची कानउघाडणी केली होती. पुढे आबांची दारू सुटली, पण चर्चची पायरी ते पुन्हा चढले नाहीत.

चोपड्याच्या वाटेवरच्या अमळनेरची गाडी लागली, ती नानांनी सोडली आणि शिंदखेड्याची धरली. "शिंदखेड्याहून उद्या पॅसेंजरने जाऊ," एवढंच म्हणाले.

रस्ता खडबडीत, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. माझी कंबर ढिली झाली, पण मजा आली. आबा शेतातच भेटले. मोठ्या भावाला बघून त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं.

"चुकलं माझं," नाना म्हणाले. "उद्या चोपड्याला प्रवचन आहे. त्याआधी तुला भेटायचं होतं."

आबा शांतपणे म्हणाले, "भाऊ, तू मन्हाकरता उना, का तुन्हा प्रवचनकरता?"

‘माझ्यासाठी आलास की प्रवचनासाठी’ हे ऐकून नानांचा चेहरा उतरला. मग मला म्हणाले, "उद्या तू एकटी जा. मी इथे थांबतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पॅसेंजरने अमळनेर गाठलं. स्टेशनाबाहेर शेव-पोहे खाल्ले, मग एसटीने तापी ओलांडून चोपडा. सातपुडा जवळ आला की रस्त्याकडेला केळीच केळी. खिडकीची जागा धरा, इतकं नक्की सांगेन.

चर्चमध्ये वेदीपुढे केळीचे घड आणि ज्वारीची कणसं मांडलेली, लोक वाट बघत बसलेले. मी उभी राहिले आणि नाना का आले नाहीत ते जसं घडलं तसं सांगितलं. मग पुढच्या रांगेतल्या एका अक्कांनी विचारलं, "दोघे बोलतस ना आते?"

"सकाळी चहा एकत्र घेतला," मी म्हटलं.

अक्कांनी डोळे मिटले आणि दोघा भावांसाठी प्रार्थना केली. नंतरच्या जेवणात भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. मी इतकी खाल्ली की परतीच्या गाडीत वाकता येईना.

नाना आठवड्याने घरी आले, हाताला कापसाच्या बोंडांचे ओरखडे घेऊन. समेट झाला का विचारलं, तर म्हणाले, "कापूस वेचला. तो फार बोलला नाही. मीही बोललो नाही."

त्यानंतर दर वेचणीला ते शिंदखेड्याला जाऊ लागले. चर्चच्या बैठकीत कुणाच्या वागण्याची तक्रार निघाली की म्हणायचे, "आधी त्याच्या घरी जाऊन येतो."

पुढे एका नाताळच्या सकाळी आबा धुळ्याला आले. चर्चमध्ये नाही, आमच्या दारात. उपासनेची घंटा झाली होती, नानांनी कोट घातलेला होता. तो त्यांनी काढून खुंटीला अडकवला, मला चहा टाकायला सांगितला आणि भावासमोर मांडी घालून बसले. नाना नाताळच्या उपासनेला गेले नाहीत, असं तेवढं एकदाच झालं.