गावात प्लेग नव्हता

सखाराम मास्तर गेल्याचं मला अलिबागच्या कोर्टाच्या आवारात कळलं. माणगावकडचा एक पक्षकार वकीलपत्रावर सही करता करता सहज म्हणाला, "तुमच्या गावचे मास्तर गेले की. ताप आला, चौथ्या दिवशी..." मी मान हलवली आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. त्याला आता महिना झाला.

सखाराम आमच्या गावच्या महारवाड्यातला, मी वरच्या आळीतला. मुंबईला आम्ही एकाच कॉलेजात होतो, एकाच वसतिगृहात. गावात तो मला 'तुम्ही' म्हणे. मुंबईत दिवाळीपर्यंत 'तू' म्हणू लागला, आणि मलाही ते आवडलं. त्याचं पान मात्र जेवणघराच्या दाराशी वेगळं मांडत. तेव्हा मी ताटातून मान वर करत नसे.

दुसऱ्या वर्षी शहरात प्लेग वाढला. आमच्या कोठीत उंदीर मरून पडले आणि दुपारपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच... सखाराम परवा गावाहून आलाय, त्यानेच आणला. रेक्टरांनी मला बोलावलं. "तुम्ही एका गावचे. त्याच्या वस्तीत साथ आहे का?" नव्हती. सगळं गाव धडधाकट असल्याचं वडिलांचं पत्र माझ्या खिशात होतं. पण दाराशी पोरं उभी होती, माझ्याकडे पाहत. मी म्हणालो, "त्यांच्या वस्तीतलं मला काय ठाऊक?"

त्याला मागच्या लाकडांच्या खोलीत ठेवलं, तीन आठवडे. ताप नव्हता, गाठ नव्हती. मी एकदाच गेलो, खिडकीशी. तो काखेत बोटं घालून चाचपत होता. "बघ रे, लागतंय का काही?" मी लांबूनच म्हणालो, "नाही." बाहेर काढल्यावरही तो चाचपतच राहिला, वर्गात, रस्त्यात. झोप गेली. पुस्तकातली एक ओळ त्याला संपेना. परीक्षेत अर्ध्या तासात कोरा पेपर ठेवून उठला आणि गावी निघून गेला. मी पास झालो.

पुढे तो महारवाड्यातल्या शाळेत मास्तर झाला. तीनेक वर्षांपूर्वी दिघीच्या धक्क्यावर भेटला. दोघेही होडीची वाट पाहत होतो. त्याने एवढंच विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना, गावात प्लेग नव्हता?" पुन्हा 'तुम्ही'... माझ्यासोबत दोन वकील होते. "जुन्या गोष्टी कशाला काढतोस?" मी म्हणालो. तो कसनुसा हसला.

गेल्या रविवारी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको राधाबाई सांगत होती, "कुनी पोर आजारी पडलं, शाळंत न्हाय आलं, की हे त्याच्या उशाशी जाऊन बसायचे. धडा वाचून दावायचे. नका जाऊ म्हटलं तर ऐकायचे न्हाय. त्यातच ताप घेऊन आले..." मग म्हणाली, "आजबी एक पोरगी हिवतापानं पडलीया. चला, बघा."

शेजारच्या झोपडीत चार मुलं त्या मुलीच्या अंथरुणाला खेटून बसली होती. एकजण मोठ्याने धडा वाचत होता. त्यांना कुणी पाठवलं नव्हतं. मुलीची आई म्हणाली, "या की आत." मी जोडे काढले आणि दारातच उभा राहिलो. वाचणाऱ्या मुलाने थांबून माझ्याकडे पाहिलं आणि सरकून जागा केली.

"उशीर होतोय," मी म्हणालो.

मला कसलाही उशीर होत नव्हता.