एकादशीला भेटलेली विहीण

लीड्सच्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट असलेल्या सुप्रभाबाई औषधाच्या डोसच्या बाबतीत जेवढ्या काटेकोर, तेवढ्याच उपवासाच्या बाबतीत. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा शुद्धीवर येताच त्यांनी विचारलं होतं, “आजची एकादशी मोडली नाही ना?” कालपासून पोटात पाण्याचा थेंबही गेलेला नाही, असं नर्सने सांगताच बाई खूश! निर्जळी घडली होती, तीही एनएचएसच्या, म्हणजे सरकारी खर्चाने.

अशा बाई शनिवारी, ऐन एकादशीला, ग्लासगोच्या ट्रेनमध्ये बसल्या होत्या. पिशवीत राजगिऱ्याचे लाडू आणि डोक्यात घोर. त्यांची लेक मालविका ग्लासगोला डॉक्टर. तिला स्टॅव्रोस नावाच्या ग्रीक मुलाशी लग्न करायचं होतं आणि त्याच्या आईने, डेस्पिनाने, आपल्याच छोट्या खाणावळीत दुपारच्या जेवणाला बोलावलं होतं. मालविकाचे बाबा, मोहनराव, केव्हाच विरघळले होते, पण त्यांचा होकार त्या घरात कुणी धरतच नसे. सगळं अडलं होतं आईपाशी. बाईंना ना धर्माची अडचण होती, ना रंगाची. पोटात एकच भीती होती: त्या परक्या घरात माझ्या पोरीला जीव लावणारं कोण असेल?

स्टेशनवरच मालविकाने हात धरला. “आई, प्लीज, उपवासचं काही मेन्शन नको करू. डेस्पिनाने दोन दिवस कुकिंग केलंय. तिला वाटेल, तू त्यांना रिजेक्ट करतेस.”

“अगं, पण दिवस ठरवताना कॅलेंडर बघायचं ना!”

“माझ्या ड्युटीच्या रोटावर एकादशी येत नाही, आई!”

खाणावळीच्या दारातच डेस्पिनाने बाईंना कवेत घेतलं. गोल चेहरा, काळा झगा, बांगड्यांशिवायचे पण बांगड्यांसारखेच सतत वाजणारे हात. आणि टेबलावर काय, तर कागदात गुंडाळून रात्रभर शिजवलेलं कोकराचं मटण! लिंबाचा, लसणाचा असा घमघमाट सुटला होता की एरवी बाईंनी ताटावर आडवा हात मारला असता. आज मात्र त्यांनी मनातल्या मनात विठ्ठलाचे पाय धरले.

मग सुरू झाली कसरत. बाईंनी मटणाचा तुकडा काट्याने डावीकडे नेला, उजवीकडे आणला, तोंडाशी नेऊन “वा!” म्हटलं आणि हळूच सॅलडच्या पानाखाली सरकवला. मालविका डोळ्यांनी आभार मानत होती. आणखी एक तुकडा पानाखाली गेला. तेवढ्यात बाईंचं लक्ष समोर गेलं आणि हात जागीच थांबला.

समोर डेस्पिनाच्या ताटातही मटण डावीकडून उजवीकडे फिरत होतं. तिनेही काटा तोंडाशी नेला, “म्म्म” केलं आणि तुकडा पानाखाली घातला. घोट घेतला तो नुसत्या पाण्याचा. एवढा सराईत हात सुप्रभाबाईंनी आजवर फक्त आरशात पाहिला होता.

“डेस्पिना,” बाई म्हणाल्या, “तुमचा उपवास आहे?”

डेस्पिना लाल झाली. ईस्टरच्या आधीचे आमचे चाळीस दिवस चालू आहेत, मांस, दूध, अंडं काही चालत नाही, पण पाहुण्यांना अवघडल्यासारखं होईल म्हणून मुलाने गप्प बसायला लावलं, असं ती चाचरत म्हणाली. बाईंनी उत्तरादाखल आपलं सॅलडचं पान उचलून दाखवलं.

एकादशीच्या घरी शिवरात्र! दोघी अशा हसल्या की पलीकडच्या टेबलावरचे म्हातारे आजोबाही कारण न कळता हसू लागले. मालविका आणि स्टॅव्रोस बिचारे मान खाली घालून बसले. मटण त्यांच्या पुढ्यात सरकलं आणि डेस्पिनाने आतून स्वतःसाठी झाकून ठेवलेलं सगळं बाहेर आणलं.

“ऑक्टोपस घ्या. त्याला रक्त नसतं, म्हणून चालतो.”

“अगं बाई! आठ पायांचा उपवास! नको, नको.” द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भातही बाईंनी हात जोडून परत केला. “भात नाही चालत. बटाटा चालतो. शेंगदाणे चालतात, वाटाणे नाहीत.”

“का?”

“ते विचारायचं नाही.”

“अगदी आमच्यासारखं!” डेस्पिनाने टेबलावर थाप मारली. “कडक दिवसांत ऑलिव्हचं तेल चालत नाही, पण ऑलिव्ह चालतात. का, ते विचारायचं नाही!”

ऑलिव्हबद्दल आमचं शास्त्र गप्प आहे, असं म्हणून बाईंनी वाटी जवळ ओढली. मग लिंबू पिळलेले उकडलेले बटाटे आले, मधातले अक्रोड आले, तिळाचा हलवा आला. शेवटी आली ऊझो, द्राक्षांची, बडीशेपेच्या वासाची, पाणी ओतताच ताकासारखी पांढरी होणारी दारू. बाईंनी वास घेतला आणि फार्मसिस्टच्या गांभीर्याने निकाल दिला, “द्राक्षं चालतात. बडीशेप चालवून घेऊ.” पहिल्या घोटाला कान गरम झाले आणि दुसऱ्याला ग्लासगो किंचित हललं. तिसऱ्या घोटानंतर राजगिऱ्याचे लाडू बाहेर निघाले. डेस्पिनाने एक चाखला, डोळे मिटले आणि उरलेले सरळ आपल्या झग्याच्या खिशात घातले. एकादशी आणि दुप्पट खाशी, त्यात कुठेही कसूर राहिली नाही.

निघताना डेस्पिनाने बाईंचे दोन्ही हात धरले. “या घरात मी एकटीच उपवास करते. सगळे हसतात. मालविका मात्र गेल्या महिन्यापासून ड्युटी संपली की येते आणि माझ्यासोबत नुसता पाव आणि ऑलिव्ह खाते. पोरगी आईच्या वळणावर गेली आहे हे आज कळलं.”

बाईंनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. घरी एकादशीला चीज टोस्ट खाणारी ही पोर!

ट्रेन सुटायला पाच मिनिटं होती. मालविकाने जीव मुठीत धरून विचारलं, “आई, सांग ना. स्टॅव्रोस कसा वाटला?”

सुप्रभाबाई डब्याच्या पायरीवर गचकन थांबल्या.

“अगं, त्याच्याकडे बघायचं राहूनच गेलं! असेल चांगला. तू असं कर, सासू पक्की करून टाक.”