तात्याबाची टोळी मागं का पडायची

जतच्या म्हाताऱ्या तात्याबा गवंड्याच्या तोंडाचा पट्टा कधी बंद पडायचा नाही. सांगलीत विश्रामबागेतल्या बांधकामावर त्याची टोळी विटा लावायची आणि सकाळपासून त्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत. बापजाद्यांनी मेंढरं हाकली, हा माणसं हाकत होता.

अपूर्वा तिथली इंजिनिअर, कराडला शिकलेली. कुठल्या टोळीनं दिवसभरात किती भिंत उभी केली, हे ती रोज संध्याकाळी टेप लावून मोजायची. तात्याबाची टोळी कायम मागं. शेवटी तिनं सांगूनच टाकलं, "तात्याबा, या आठवड्यात काम वाढलं नाही तर साहेब दुसरी टोळी आणणार. माझ्या हातात काही नाही."

झालं! म्हातारा पेटलाच. "सूरज, बिड्या कसल्या फुकतोस रं? धनाजी, पाणी प्यायला आलायस व्हय कामावर?" सगळ्यांच्या चुली या कामावर पेटतात आणि पोरं निघाली आळशी, या विचारानं त्याला घास गोड लागेना.

त्यात गुडघा धरला. एक दिवस तो खोलीवरच पडून राहिला. दुसऱ्या दिवशी लंगडत आला तर अपूर्वा हसत समोर. "काल कमाल केली तुमच्या पोरांनी! एवढी भिंत आजवर झाली नव्हती. असंच चालू द्या, मग दुसरी टोळी कशाला?"

"मग! टोळी कुणाची हाय?" म्हातारा फुलला. परांचीवर चढताना मात्र त्याचा पाय थबकला. काल तर तो नव्हता.

भिंतीला दोरी बांधून सगळे गवंडी एकाच थरावर विटा लावतात. प्रत्येकाचा तुकडा भरला की मगच दोरी वरच्या थराला जाते. त्या दिवशी तात्याबा ओरडला नाही, आपल्या तुकड्यावर विटा लावता लावता नुसता बघत राहिला. पोरांचे तुकडे झटक्यात भरत. मग कुणी बिडी पेटवी, कुणी पाण्याची बाटली उचली, म्हाताऱ्याची शेवटची वीट बसेपर्यंत.

त्याला राग आला, लाजही वाटली. "माझी कीव करता व्हय रं?"

सूरजनं मान खाली घातली. "कीव न्हाई, आबा. थापी धरायला तुमीच शिकवलं. तुमाला मागं टाकून दोरी कशी उचलायची?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. एवढी माया पोरांची, आणि तिच्यापायीच सगळ्यांच्या पोटावर पाय यायची वेळ आली होती. तो परांचीवरून सावकाश खाली उतरला.

"धनाजी, माझा तुकडा तू घे."

"आन तुमी, आबा?"

तात्याबानं पाण्याची नळी उचलली. "मी कालची भिंत भिजवतो. लय मोठी केलीया तुमी."