कूलरनं कापलेला अंगठा

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये हॉस्पिटलचा विषय निघाला की प्रत्येकाकडं किस्से असतातच. कुणाचं बायपास, कुणाचा गुडघा. माझ्याकडं नुसता एक अंगठा आहे. पण त्यानं एका दुपारीत एवढा माल दिलाय की बायपासवाले गप्प बसतात!

*

रविवार होता. कूलरचं गवत बदलायचं होतं. बायको, सुनंदा, म्हणाली, "मेकॅनिकला बोलवा."

"सायन्सचा मास्तर घरात असताना?" मी म्हणालो. तेवढ्यात पत्रा सटकला आणि उजव्या अंगठ्यातून रक्ताची धार!

सुनंदानं फडकं गुंडाळत शांतपणे विचारलं, "आता आधी कुणाकडं? डॉक्टर का मेकॅनिक?"

*

शेजारच्या सलीमभाईंनी स्कूटी काढली. "सरजी, हाथ उप्पर रखो, खून रुक जाता!"

पडेगावातल्या घरापासून मी हात उंच धरून मागं बसलेलो. वाटेत ओळखीचे लोक हात वर करून म्हणायला लागले, "जय भीम, सर!" मीही कण्हत कण्हत "जय भीम, जय भीम" करत गेलो. हॉस्पिटल येईपर्यंत थोडं पुढारी झाल्यासारखंच वाटायला लागलं!

*

कॅज्युअल्टीतली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. "काका, एक ते दहामध्ये किती दुखतंय?"

मी नीट विचार करून सांगितलं, "साडेनऊ."

सलीमभाई मध्येच, "डॉक्टरसाब, घर पे तो बारा था!"

*

टाक्यांची तयारी होईपर्यंत सलीमभाईंनी माझा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'सरजी के लिए दुआ करो.'

पहिला रिप्लाय आला, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' मग हात जोडलेल्यांची रांगच लागली.

मी डाव्या अंगठ्यानं टाइप केलं, 'धन्यवाद.'

*

एवढ्यात शेजारच्या कॉटवर कन्नड तालुक्यातली एक आजी आली. शेतात बांधावरून पडलेली. मनगट मोडून हात पार वाकडा झालेला. सून डोळे पुसत होती, आजी मात्र ओठ दाबून गप.

इकडं सिस्टरनं माझं फडकं सोडलं आणि मी जो सूर लावला, तो पार गेटपर्यंत गेला असेल! पण आजीचा हात दिसला तशी ती मला सोडून तिकडं धावली.

आजीनं चांगल्या हातानं तिला थांबवलं.

"बाई, आधी त्या लेकराला बघ. लई वरडायलंय. माझं काय, नुसता हातच मोडलाय."

माझं वय चौपन्न.

आणि सिस्टर खरंच माझ्याकडं परत आली!