उभ्या काकांची आजी

काका खुर्चीवर बसल्याचं आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून ते 'उभे काका'. ऐंशीच्या दशकात पालघरच्या कचेरीत, जुन्या नोंदींच्या खोलीत मी कारकून होते. तारापूरकडचे हे म्हातारे तांडेल, होडीवरचे प्रमुख, दर मंगळवारी बोईसरहून एसटीने यायचे आणि कपाटांमधल्या बोळात येरझाऱ्या घालायचे. चहासुद्धा बशीतून, उभ्यानेच. खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "नको बाय. बसलो की कायतरी ऱ्हाऊन गेलंय असं वाटतं."

राहून गेलेलं होतंच. काकांना आजीने वाढवलं. आजोबांची होडी वादळात फुटली. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, आजोबांचं लागलं नाही. आजीने मात्र कुंकू पुसलं नाही. "तो मेला नाय, मनोरच्या बाजाराला गेलाय," असं मरेपर्यंत सांगत राहिली. मनोर तर समुद्रापासून दूर, आत डोंगराकडे. गाव तिला खुळी म्हणे. ती गेली तेव्हा बायकांनी आधी तिचं कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या, मगच तिला उचलली.

"मी तितंच उबा होतो, बाय. वीस वरसांचा घोडा. एक शबूद बोललो नाय."

म्हणून त्यांना आजोबांच्या मृत्यूची नोंद हवी होती. आजी खुळी होती की आम्ही, एवढं तरी कळू दे, म्हणायचे. वह्या मोडी लिपीत, ती मला वाचता येई, त्यांना नाही. तरी पान उलटायला उशीर झाला की टेबलावर बोटं वाजवायचे. मी चिडायचे. "काका, मेलेली माणसं कुठं पळून जात नाहीत!"

"आमचा म्हातारा गेलाच ना," ते म्हणायचे आणि पुन्हा चालू लागायचे.

दीड वर्ष आम्ही किनाऱ्यावरच्या गावांच्या वह्या उपसल्या. परत न आलेला माणूस समुद्रातच असणार, हे त्यांच्या गावात इतकं पक्कं की जमिनीकडे बघायचं कुणाला सुचलंच नव्हतं. त्यांच्या नादाने मलाही नाही. शेवटी एका मंगळवारी मी वैतागून म्हटलं, "आजी मनोर म्हणायच्या ना? मग मनोरचीच वही काढू." काका हसले. पण येरझाऱ्या थांबल्या.

तिसऱ्या वहीत नोंद होती. आजोबांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, धंदा सुकी मासळी विकणं, मूळ गाव काकांचंच. तापाने मयत. त्यांच्या गावच्या वहीत आधीच सापडलेली आजीच्या मृत्यूची नोंद मी शेजारी ठेवली आणि तारखा दोनदा वाचल्या. आजोबा आजीनंतर दोन वर्षांनी वारले होते. ते वाचले कसे, घरी का परतले नाहीत, हे वहीत नव्हतं.

"म्हंजे नवरा जिता असताना तिचं कुकू पुसलं आमी," काका म्हणाले आणि खुर्चीवर बसले. बराच वेळ बसून राहिले. मला रडू आलं, आणि त्या आजोबांचा संतापही.

पुढच्या पितृपक्षात, अविधवा नवमीला, नवरा जिवंत असताना गेलेल्या बायकांच्या श्राद्धाच्या दिवशी, ते शेवटचे आले. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, कुंकवाची पुडी. हे वाण सवाष्णीला देतात. "तूच वाचलंस तिला, तूच घे."

नवऱ्याच्या असण्यावर बाईचं कुंकू ठरावं, हे मला आजही पटत नाही. तरी मी पदर पसरला. काकांनी वाण त्यात ठेवलं आणि माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघत म्हणाले, "आजे, चुकलो गो."