प्लग ओढण्याचा रविवार

चेन्नईतली माझी पहिली नोकरी गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत होती. आम्ही कारखान्यांना सर्व्हर बसवून द्यायचो आणि ते बिघडले की धावत जायचो. मी साताऱ्याहून आलेली. तमिळ अजिबात येत नव्हतं, आणि इंग्रजी असं की वाक्य मनात जुळवेपर्यंत समोरचा माणूस निघून जायचा.

पहिल्या दिवशी माझे साहेब टेबलाशी आले, माझं आडनाव वाचलं आणि म्हणाले, "तुम्ही मऱ्हाटी काय? बरें जाहलें. तुमचें जेवण जाहलें?"

मी वर बघितलं. चेकचा शर्ट, खिशाला दोन पेनं, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, आणि तोंडात बखरीतलं मराठी. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं. हे मराठी त्यांच्या घरात तमिळच्या सोबतीनं वाढलेलं, त्यामुळे वाक्याच्या शेवटी "सेरी?" यायचं, म्हणजे "ठीक ना?" पहिला आठवडाभर ते बोलायला लागले की मला हसू फुटायचं. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी टेबलाखाली काहीतरी पडल्याचं सोंग करायचे. पुढे कळलं, की माझं मराठी ऐकून तेही घरी जाऊन हसत होते. "तुम्ही फार धांवतां बोलतांना," ते म्हणाले. "अर्धें शब्द मागेंच राहतात." त्यानंतर आम्ही उघडपणे हसायला लागलो आणि आमचं छान जमलं.

अंबत्तूरला एक कारखाना होता. मोटारींच्या दारांना लागणाऱ्या रबरी पट्ट्या तिथे बनत. मालक साठीचे, पांढराशुभ्र शर्ट, कपाळावर विभूती, आणि सगळ्या यंत्रांवर सारखाच अविश्वास. त्यांचा जुना सर्व्हर एकदा भर दिवसा बंद पडला होता. माल गेटबाहेर न्यायची चिठ्ठी त्या सर्व्हरशिवाय छापली जात नसे, म्हणून ट्रक दिवसभर गेटाशी उभे राहिले आणि ड्रायव्हर मालकांच्या केबिनच्या खिडकीखाली पत्ते खेळत बसले. मालकांना ती गोष्ट लागली होती. "परत असं होता कामा नये," एवढंच त्यांनी आम्हाला सांगितलं.

त्या काळात आभासी मशीन हा प्रकार नवा होता. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात पाच-सहा कंप्युटर राहतात, प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्र आहोत, आणि खरं तर सगळे एकाच लोखंडी पेटीत नांदत असतात. आम्ही तिथे असे तीन सर्व्हर लावले. मालाच्या चिठ्ठ्या, हिशेब, पगार, हजेरी, कँटीन, प्रत्येकाचं एकेक आभासी मशीन करून तिघांत वाटून टाकलं. सगळ्यांचा डेटा मात्र बाजूच्या एका सामायिक कपाटात. तिन्ही सर्व्हर सतत एकमेकांना विचारत असतात, आहेस का, आहेस का. एकाचं उत्तर येईनासं झालं की बाकीचे समजतात, गेला. मग त्याच्या पोटातली मशीनं ते आपल्याकडे पुन्हा सुरू करतात. याला हाय अव्हेलेबिलिटी म्हणायचं.

साहेबांनी हे सगळं मालकांना तमिळमध्ये समजावलं. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एक प्रश्न विचारला, तो साहेबांनी मला हळूच सांगितला, "विचारतात, मी प्लग ओढला तर चालेल काय?"

"चालेल," मी म्हणाले.

रविवार दुपार ठरली. कारखाना बंद, पंखे बंद, रबराचा वास तेवढा सुट्टी न घेता हजर. मालक आले ते बायकोला घेऊन. दोघांना पुढे एका लग्नाच्या स्वागतसमारंभाला जायचं होतं, म्हणून बाई गर्द जांभळ्या कांजीवरम साडीत, केसांत मोगऱ्याचा भला मोठा गजरा माळून त्या थंडगार सर्व्हरच्या खोलीत शिरल्या आणि म्हणाल्या, की अख्ख्या अंबत्तूरमध्ये एवढी गार जागा आहे हे नवऱ्यानं आजवर आपल्याला का सांगितलं नाही. आम्ही त्यांच्यासाठी खुर्ची आणली. त्यांनी ती बरोबर एसीच्या समोर ठेवून घेतली.

चिठ्ठ्यांचं मशीन पहिल्या सर्व्हरवर होतं. पडद्यावर चिठ्ठीचा फॉर्म उघडून ठेवला. साहेबांनी मागची वायर दाखवली. मालकांनी शर्टाची बाही वर केली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि वायर उपटली.

सर्व्हरचे पंखे घरघरत थांबले. फॉर्म गोठला. मग पडदा म्हणाला, संपर्क तुटला.

"गेलं," मालक म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडं समाधानही होतं, जसं काही त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

"थांबावें," साहेब गडबडीत त्यांनाच मराठीत म्हणाले.

आम्ही थांबलो. मी दुसऱ्या पडद्यावर बघत होते. तिथे चिठ्ठ्यांच्या मशीनचं नाव आधी फिकं झालं, आणि मग, चहाचा कप अर्धा होईल एवढ्या वेळात, दुसऱ्या सर्व्हरच्या खाली हिरव्या रंगात उगवलं. फॉर्म परत उघडला. प्रिंटरनं खर्रर्र करून एक चिठ्ठी काढली. मालकांनी ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि लहान मुलासारखे हसायला लागले. त्यांचं हसणं बघून साहेब हसले, साहेबांचं बघून मी. गार खोलीत आम्ही तिघं उगाचच एकमेकांशी हात मिळवत होतो.

एवढ्यात बाई खुर्चीवरून उठल्या. तमिळमध्ये काहीतरी म्हणाल्या, आणि साहेबांनी मला भाषांतर करून सांगायच्या आत त्यांनी दुसऱ्या सर्व्हरची वायर उपटलीसुद्धा.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, त्यांनीं एक ओढला, एक माझा."

एक सर्व्हर गेला तर उरलेले दोघं सगळा भार उचलतील, असं आम्ही गणित केलं होतं. दोन गेले तर काय, याचा विचार कोणी केला नव्हता, कारण दोन प्लग ओढणारी माणसं एकाच लग्नाला निघालेली असतील हे कोणाला सुचणार. तिसऱ्या सर्व्हरचे पंखे एकदम मोठ्यानं घुमायला लागले. मी पडद्याला नाक लावलं. चिठ्ठ्या आल्या. हिशेब आला. पगार आला, जरा रेंगाळून. हजेरी आली. आणि मेमरी संपली. कँटीनचं मशीन लाल रंगात तसंच पडून राहिलं.

"ते लाल काय आहे?" बाईंनी विचारलं. हे मला इंग्रजीतून विचारलं, त्यामुळे उत्तर मलाच द्यावं लागलं.

"कँटीन," मी म्हणाले. "कामगार कार्ड लावतात आणि जेवण मिळतं, ते मशीन. जागा कमी पडली तर कोणी आधी सुरू व्हायचं हे ठरवून द्यावं लागतं. हे शेवटी आहे."

"हे कोणी ठरवलं?"

मी साहेबांकडे बघितलं, साहेबांनी मालकांकडे बघितलं, आणि मालकांनी छताकडे.

मग त्या गार खोलीत नवरा-बायकोचं जे चाललं, ते साहेब माझ्या कानाशी भरभर सांगत होते आणि मी ओठ दाबून उभी होते. "त्या म्हणतात, माल एक दिवस उशिरा गेला तर कोण मरतो. हे म्हणतात, गिऱ्हाईक मरतें. त्या म्हणतात, मग गिऱ्हाइकास जेवूं घाला. हे म्हणतात, हिशेब पाहिजे. त्या म्हणतात, हिशेब उपाशी राहूं शकतो, फिटर नाहीं." शेवटी मालकांनी विचारलं, चिठ्ठ्या पहिल्या राहिल्या तर चालेल का. बाईंनी उदारपणे मान हलवली. साहेबांनी खूण केली आणि मी तिथल्या तिथे कँटीनला दुसऱ्या नंबरवर नेऊन बसवलं. बाईंनी पडद्यावर खात्री करून घेतली, पदर सावरला आणि दोघं लग्नाला निघून गेली.

ती गेल्यावर आम्ही दोघं जमिनीवर बसून हसलो. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "हिशेबवाल्यास उद्यां काय सांगावें?" ते म्हणाले, आणि पुन्हा हसू आलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी, कामाच्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या वेळी आम्हा दोघांचे मोबाईल एकदम वाजले. अंबत्तूरचा एक सर्व्हर बेपत्ता असल्याचा एसएमएस. या वेळी प्लग कोणी ओढला नव्हता. कारखान्याला फोन लावला तर कोणी उचलेना. साहेबांनी बाईक काढली, मी मागे बसले, मांडीवर सुट्या भागांची पिशवी. गिंडीहून अंबत्तूर म्हणजे उन्हातून चांगलीच लांब वाट. मला वाटेत नुसते पत्ते खेळणारे ड्रायव्हर दिसत होते. साहेब हेल्मेटमधून ओरडून विचारत होते, "चिठ्ठ्या कोणत्या सर्व्हरवर होत्या?" आणि मी ओरडून सांगत होते, "त्याच्यावरच!"

आम्ही घामानं थबथबून गेटाशी पोचलो. एक ट्रक बाहेर पडत होता. त्याच्यामागे दुसरा. वॉचमननं आम्हाला सलाम केला. माल पाठवायच्या खोलीतली सुपरवायझर, चाळिशीची, जाड फ्रेमचा चष्मा लावणारी बाई, आरामात प्रिंटरमधून चिठ्ठ्या फाडून घेत होती.

"काही झालं होतं का?" साहेबांनी तमिळमध्ये विचारलं. एवढं तमिळ मला तोवर कळायला लागलं होतं.

"पडदा जरा गेला होता," ती म्हणाली. "मी कॉफी प्यायला गेले. आले तर होता. का, काय झालं?"

फोन का उचलला नाही, तर सगळे जेवायला गेले होते. कँटीन चालू होतं.

आम्ही सर्व्हरच्या खोलीत गेलो. एक पेटी मेलेली, आतला मुख्य बोर्डच गेलेला. आणि त्या पेटीतली सगळी मशीनं शेजारच्या दोघांच्या पोटात सुखरूप. कोणालाही काही कळलं नव्हतं. एवढं मोठं यश, आणि त्याला साक्षीदार एकही नाही. साहेब एसीसमोर हात पसरून उभे राहिले. "आपण कशास आलों?" ते म्हणाले. आनंदानं डोकं हलकं होणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी समजलं. मी तिथे, त्या वायरींच्या मध्ये, चक्क गिरकी घेतली, आणि साहेबांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

मालक त्या वेळी जॉर्ज टाउनला एका व्यापाऱ्याकडे गेले होते. साहेबांनी फोनवर सगळं सांगितलं. मग मालक म्हणाले, "मी नव्हतो तिथे." आवाज अगदी खट्टू. "परत होईल का?"

नवा बोर्ड आल्यावर साहेबांनी त्यांच्यासाठी खास बोलावणं धाडलं. दुरुस्त झालेल्या पेटीवर मशीनं परत न्यायची होती, आणि हे काम मशीन बंद न करता, चालू असतानाच करता येतं. मालक सुपरवायझरच्या खुर्चीमागे उभे राहिले. ती टाइप करत होती. मी आतून इशारा दिला.

"आता होणार?" मालकांनी विचारलं.

"होत आहे," साहेब म्हणाले.

सुपरवायझर टाइप करत राहिली.

"कधी होणार?"

"झालं."

मालकांनी वाकून पडदा पाहिला, प्रिंटर पाहिला, तिचे हातसुद्धा पाहिले. "काहीच दिसलं नाही," ते म्हणाले. मग जरा वेळानं त्यांना त्यात मजा वाटायला लागली, आणि त्यांनी आम्हाला ते आणखी दोनदा करायला लावलं, दर वेळी तितक्याच बारकाईनं काहीही न बघता.

त्यांनी ही गोष्ट नातेवाइकांत सांगितली. नातेवाइकांत अर्ध्यांचे कारखाने. ते वर्ष मी आणि साहेब अंबत्तूरच्या वसाहतीत या दारातून त्या दारात फिरलो, आणि प्रत्येक ठिकाणी घरातल्या कोणाला तरी प्लग स्वतःच्या हातानं ओढायचा असे. साहेबांनी नियम केला होता, एका घराण्यास एकच प्लग. एका कारखान्यात तो मान तिथल्या मालकांच्या आईला मिळाला. आजीबाईंना धरून आणलं, सगळं कुटुंब गोळा झालं, कोणीतरी कापूरही लावला. त्यांनी वाकून वायर ओढली. काहीच झालं नाही. पडदा जसाच्या तसा, सगळी मशीनं हिरवी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी ओढलेली वायर पाण्याच्या कूलरची होती.

साहेब माझ्याकडे झुकले. "सांगावें काय?"

"टाळ्या संपू द्या," मी म्हणाले.

टाळ्या संपल्यावर आम्ही सांगितलं. आजीबाईंनी शांतपणे कूलरची वायर परत लावून घेतली, सर्व्हरची कोणती ती नीट विचारून घेतली, आणि दुसऱ्यांदा, आधीपेक्षा जास्त जोरात ओढली.